तपासणीच्या खोलीत काय घडते?

(लैंगिक संसर्ग व त्यांची तपासणी या विषयावर बेंगळुरू येथे मराठी भाषक श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'आरोग्यविषयक व्याख्यान' एवढेच छापलेले आहे. संयोजकांना मी त्याबद्दल दोष देत नाही. 'लैंगिक संसर्ग' हे शब्द पत्रिकेवर आले असते, तर कदाचित आपणांपैकी निम्मे लोक आले असते. आणि जे आले असते, ते घरी वेगळेच काही सांगून आले असते. ज्या आजारांना आपल्या भाषेने पिढ्यान्‌पिढ्या 'गुप्तरोग' म्हटले, त्यांच्या तपासणीची माहितीही गुप्तच राहिली. मधुमेहासाठी उपाशीपोटी रक्त द्यावे लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण परम्याची किंवा उपदंशाची तपासणी कशी होते, हे विचारले तर पदवीधर माणसालाही उत्तर देता येत नाही. आणि जे ठाऊक नसते, त्याची जागा भीती घेते.

तपासणीला उशीर करणाऱ्या माणसाला सुईची भीती नसते. त्याला तीन प्रश्न छळत असतात: मला तेथे कोण पाहील, मला काय विचारतील आणि मी सांगितलेले पुढे कोणाला कळेल. आज मी या तीन प्रश्नांची उत्तरे देणार आहे. संसर्गाच्या प्रकारांची यादी पाठ्यपुस्तकात आहे. तिच्यासाठी व्याख्यानाची गरज नाही.

या भीतीला इतिहासही आहे. बेंगळुरूच्या लष्करी छावणीत एकोणिसाव्या शतकात 'लॉक हॉस्पिटल' नावाची व्यवस्था होती. १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांसंबंधीचा कायदा झाला. गोऱ्या शिपायांना संसर्ग होऊ नये म्हणून नोंदणी आणि तपासणीची सक्ती मात्र झाली स्त्रियांवर. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. पण 'तपासणी म्हणजे पकडले जाणे' हा समज त्याच्यासोबत रद्द झाला नाही. मराठी समाजात या विषयावर निर्भयपणे बोलणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले.

दुसरी घटना आपल्या हयातीतली आहे. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी भारतातील एचआयव्हीचा पहिला पुरावा शोधून काढला. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. ते रक्ताचे नमुने बहुतांशी सुधारगृहात ठेवलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. रक्त कशासाठी घेतले जात आहे हे आपण त्या स्त्रियांना सांगितले नव्हते, असे डॉ. निर्मला यांनी पुढे स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. त्या काळी ते कोणालाही वावगे वाटले नसते. सॉलोमन यांनी मात्र आयुष्याचा उरलेला काळ नेमका याच उणिवेच्या भरपाईला दिला, असे मला वाटते. समुपदेशनासह ऐच्छिक चाचणीची सोय त्यांनी देशात सर्वप्रथम उभी केली आणि १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने चेन्नईत संशोधन व शुश्रूषा केंद्र काढले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. आज आपण सरकारी केंद्रात जातो, तेव्हा सुईच्या आधी खुर्ची पुढे केली जाते आणि आधी बोलणे होते. ही पद्धत अशा माणसांनी घातलेली आहे.

आता आपण त्या दारातून आत जाऊ. बेंगळुरूत शिवाजीनगरच्या बोरिंग रुग्णालयात, व्हिक्टोरिया रुग्णालयात, मल्लेश्वरमच्या के. सी. जनरल रुग्णालयात, तसेच राज्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. लैंगिक संसर्गाच्या दवाखान्याला बहुतेक ठिकाणी 'सुरक्षा क्लिनिक' असे नाव आहे. तपासणी आणि औषधे मोफत असतात. कन्नड पाटीवर 'आप्त समालोचने' हे शब्द वाचून मराठी माणूस गोंधळतो, कारण आपल्याकडे समालोचन क्रिकेटचे होते. तो समुपदेशनाचा कन्नड शब्द आहे, आणि त्यातला 'आप्त' मला आपल्या 'समुपदेशना'पेक्षा अधिक आवडतो. भाषेची अडचण फारशी येत नाही, हिंदी चालते. जाण्याआधी काही विचारायचे असल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.

नोंदणीच्या वेळी नाव, वय, पत्ता विचारला जातो. एचआयव्हीच्या चाचणीसाठी आपल्याला एक ओळख क्रमांक मिळतो आणि रक्ताच्या नळीवर तोच क्रमांक लिहिला जातो. त्यानंतर समुपदेशकाच्या खोलीत दार लोटून बोलणे होते. प्रश्न थेट असतात. शेवटचा संबंध केव्हा आला? निरोध वापरला होता का? जोडीदार एक की अनेक, स्त्री की पुरुष? संबंध कोणत्या प्रकारचा होता? कधी सुईने नशा केली आहे का? कधी रक्त घ्यावे लागले का? ऐकणाऱ्याला हे चौकशीसारखे वाटते. पण प्रत्येक प्रश्नामागे प्रयोगशाळेचे एक काम आहे. घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग लघवीच्या चाचणीत सापडत नाही. तेथील स्राव कापसाच्या काडीने वेगळा घ्यावा लागतो. माणसाने संकोचाने अर्धे सांगितले, तर चाचणीही अर्धीच होते आणि 'सर्व ठीक' असा खोटा दिलासा घेऊन तो घरी जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्यामुळे हे उत्तर देताना कायद्याचे भय बाळगण्याचे कारण उरलेले नाही. समाजाचे असेल, तर ते त्या खोलीच्या बाहेर ठेवता येते.

'शेवटचा संबंध केव्हा' या प्रश्नाचे महत्त्व सर्वाधिक आहे. संसर्ग झाल्याबरोबर तो चाचणीत दिसत नाही. मधल्या काळाला डॉक्टर 'विंडो पिरियड' म्हणतात. परमा आणि क्लॅमिडिया यांसाठी साधारण दोन आठवडे थांबावे लागते. एचआयव्हीची प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी ४५ दिवसांनंतर बव्हंशी निर्णायक असते. केवळ प्रतिपिंड शोधणाऱ्या झटपट चाचणीसाठी तीन महिने धरले जातात. उपदंशालाही तीन महिन्यांपर्यंतचा अवधी लागू शकतो. रविवारी चूक झाली आणि सोमवारी रक्त दिले, तर तो अहवाल रविवारच्या आधीचा असतो. मग सोमवारी जाऊच नये का? अवश्य जावे. कारण एचआयव्हीची शंका असेल, तर ७२ तासांच्या आत सुरू केलेला २८ दिवसांचा औषधोपचार संसर्ग टाळू शकतो. तो जितका लवकर सुरू होईल तितका चांगला, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

पुढे शारीरिक तपासणी. पुरुषांची तपासणी दोन-चार मिनिटांची असते: जांघेतील गाठी चाचपणे, त्वचा मागे घेऊन व्रण पाहणे, वृषण तपासणे. मूत्रमार्गातून स्राव येत असेल तर तो काचपट्टीवर घेऊन रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. परम्याचे जंतू पूपेशींच्या पोटात जोडीजोडीने दिसतात. स्त्रियांच्या तपासणीत योनिमार्गात एक उपकरण घालून गर्भाशयाचे मुख पाहिले जाते. थोडा दाब जाणवतो, तीव्र वेदना होऊ नयेत. झाल्या तर थांबण्यास सांगावे. परिचारिका किंवा सोबतची स्त्री खोलीत असावी, अशी मागणी प्रत्येक स्त्रीने निःसंकोच करावी. पाळी चालू असल्यास ही तपासणी काही दिवस पुढे ढकलता येते. तपासणीच्या आदल्या दिवशी आतून धुणे किंवा मलम लावणे टाळावे. आपल्या बायका स्वच्छतेच्या कल्पनेने नेमके हेच करून येतात, आणि ज्यासाठी त्या येतात तो स्राव वाहून गेलेला असतो.

लघवीच्या नमुन्यात एक घोटाळा हमखास होतो. नेहमीच्या तपासणीत 'पहिली धार सोडून मधली द्या' असे सांगतात. क्लॅमिडिया किंवा परम्याच्या जनुकीय चाचणीसाठी उलट, पहिलीच धार हवी असते, आणि त्याआधी किमान एक तास, शक्यतो दोन तास, लघवीला गेलेले नसावे. सवयीने मधली धार देणाऱ्याचा खरा संसर्गही निसटू शकतो.

ही जनुकीय चाचणी सर्व सरकारी दवाखान्यांत होत नाही. तेथे अनेक वर्षे लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत चालत आली आहे. स्राव, व्रण, ओटीपोटातील दुखणे अशा प्रत्येक लक्षणसमूहासाठी औषधांचा ठरलेला संच आणि प्रत्येक संचाला रंग: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. ही योजना हुशार आहे. रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नसते, तेव्हा पहिल्याच भेटीत त्याच्या हातात औषध पडते. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: ज्याला लक्षणच नाही, त्याला ती पकडत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कोणताही त्रास जाणवत नाही. पुढे मूल होत नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा बीजवाहिन्या बंद झालेल्या आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांच्या सुमारे ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी झाल्या. त्यांतील मोठा भाग असा मुका असतो.

रक्ताच्या चाचण्यांकडे वळू. एचआयव्हीची पहिली झटपट चाचणी नकारात्मक आली तर अहवाल तेथेच संपतो. प्रतिक्रिया दिसली, तर वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या आणखी दोन चाचण्या केल्या जातात आणि तिन्ही जुळल्यावरच 'बाधित' असा शेरा दिला जातो. हे काम सहसा त्याच दिवशी होते. या केंद्रांमागे दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळांची साखळी आहे आणि तिच्यातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळांपैकी एक याच शहरात, निम्हान्समध्ये आहे. एकाच रेषेवर आयुष्याचा निकाल लावू नये. घरी किंवा शिबिरात केलेल्या एका चाचणीत रेषा उमटली, तर त्याचा अर्थ 'केंद्रात जा' एवढाच घ्यावा.

उपदंशाची व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाचणी सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करते. तिच्यात रक्तद्रव क्रमाने दुप्पट पातळ करत नेतात आणि कोणत्या पातळीपर्यंत प्रतिक्रिया टिकते ते पाहतात. १:२ ही सौम्य, १:३२ ही बरीच तीव्र. गरोदरपण, हिवताप, काही सांधेविकार आणि उतारवय यांतही ही चाचणी खालच्या पातळीवर प्रतिक्रिया देऊ शकते. म्हणून टीपीएचए या दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. एखाद्या गरोदर स्त्रीच्या कागदावर १:२ पाहून सासरी महाभारत घडते आणि आठवड्याने खात्रीची चाचणी निर्दोष येते. तोवर जे बोलले गेले ते परत घेता येत नाही. दुसऱ्या बाजूला, गरोदर स्त्रीला खरोखर उपदंश असेल, तर पेनिसिलीनची सुई बाळाला वाचवते, आणि ती प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी मिळायला हवी. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि उपदंश यांसाठी रक्त तपासतात. त्यात कोणाच्या चारित्र्यावर शंका नसते. ती तपासणी प्रत्येकीची होते.

खासगी प्रयोगशाळांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. या शहरात अशा तपासण्यांची 'पॅकेजे' मिळतात, घरी येऊन रक्त नेतात, अहवाल मोबाईलवर येतो. ज्याला रुग्णालयाची रांग नको वाटते, त्याने ही सोय जरूर वापरावी. मात्र चाचण्यांची संख्या पाहून पॅकेज निवडू नये. क्लॅमिडियाचे रक्तातील प्रतिपिंड आजचा संसर्ग सांगत नाहीत. नागिणीच्या जातीतला जननेंद्रियांचा हर्पिस, व्रण नसताना रक्तावरून तपासला, तर बहुधा उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त हाती येतात. फोड आलेला असताना त्यातील द्राव तपासणे हाच खात्रीचा मार्ग. एचआयव्ही, उपदंश, कावीळ ब आणि क यांसाठी रक्त, क्लॅमिडिया व परम्यासाठी लघवी किंवा काडीवरचा स्राव. बहुतेकांना एवढे पुरते. आणि तपासणीआधी औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन जाऊ नये. अर्धवट प्रतिजैविकांनी लक्षण दबते, जंतू दबत नाही. परम्याच्या जंतूंनी पेनिसिलीन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे अशीच निकामी करून ठेवली आहेत.

एक आडमार्ग तर कटाक्षाने टाळावा. रक्तदान केले की रक्त आपोआप तपासले जाते, म्हणून काही तरुण शंका आल्यावर रक्तपेढीत जातात. हे अत्यंत धोक्याचे आहे. संसर्ग त्या मधल्या काळात असेल, तर चाचणीतून निसटलेले ते रक्त दुसऱ्याच्या शरीरात जाते.

आता तिसरा प्रश्न: पुढे कोणाला कळेल? एचआयव्हीबाबत याचे उत्तर कायद्यात आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. नोकरीसाठी ही चाचणी अट म्हणून लादता येत नाही. नव्याने रुजू होणाऱ्या, या शहरातल्या हजारो तरुणांनी हे लक्षात ठेवावे. एक अपवाद मी लपवणार नाही. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे, समजावूनही बाधित व्यक्ती ते सांगत नाही, अशी खात्री झाल्यास डॉक्टर किंवा समुपदेशक, त्या व्यक्तीला आधी कल्पना देऊन, जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत सांगू शकतात. ज्या स्त्रीला हे कळल्यास मारहाण होण्याचा किंवा घराबाहेर काढले जाण्याचा संभव आहे, तिच्या बाबतीत कायद्याने वेगळी काळजी घेतली आहे.

जोडीदाराला सांगणे हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा आहे, सुईहून आणि तपासणीहूनही. पण तो टाळला तर उपचार व्यर्थ जातो. एकाचा संसर्ग बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत येतो. दवाखान्यात जोडीदारासाठी चिठ्ठी मिळते. समुपदेशकासमोर दोघांनी बसून बोलता येते, आणि अनेक जोडप्यांना तेच सोपे जाते. 'कोणाकडून आले' हे चाचणी सांगत नाही, हे दोघांनीही समजून घ्यावे. काही संसर्ग वर्षानुवर्षे शांत राहतात. लग्नाआधीची गोष्ट लग्नानंतर पाच वर्षांनी कागदावर उमटू शकते. आपल्याकडे बहुतेकदा बायको तपासली जाते, कारण ती गरोदरपणात रुग्णालयात पोहोचते, आणि म्हणून दोषही तिच्यावर येतो. पहिली तपासली गेली म्हणजे पहिली बाधित झाली, असा अर्थ होत नाही.

निकाल सकारात्मक आला तर काय? परमा, क्लॅमिडिया, उपदंश, ट्रायकोमोनास बरे होतात. उपचार पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळावा लागतो. पहिल्या दोहोंसाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, कारण पुन्हा लागण होण्याचे प्रमाण मोठे आहे. कावीळ ब साठी लस आहे. एचआयव्हीचे औषध सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागले, आणि २०१७ पासून निदान झाल्यावर पेशींच्या संख्येची वाट न पाहता ते सुरू केले जाते. औषधाने विषाणूचे रक्तातील प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली आले आणि तेथेच राहिले, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. हे वाक्य सॉलोमन यांच्या पहिल्या रुग्णांना कोणी सांगू शकले नसते.

शेवटी, जाण्यापूर्वी एक व्यावहारिक गोष्ट. अहवाल हाती आला की पुष्कळ लोक तो फाडून टाकतात. चांगला आला तर देवाचे आभार मानून आणि वाईट आला तर लाजेने. तो फाडू नये. टीपीएचए चाचणी, उपदंश पूर्ण बरा झाल्यानंतरही, बहुतेकांत जन्मभर सकारात्मक राहते. दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर तो कागद नसेल, तर जुना बरा झालेला आजार आणि नवी लागण यांतला फरक ओळखणे कठीण होते, आणि विनाकारण पुन्हा सुया घ्याव्या लागतात. उपचारापूर्वी १:३२ आणि सहा महिन्यांनी १:४ असे लिहिलेले दोन कागद एकत्र असले, की उपचार लागू पडला हे नवा डॉक्टर एका दृष्टिक्षेपात ओळखतो. घरी ठेवायचे नसतील, तर त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि इंजेक्शन कोणत्या तारखांना घेतले ते मागच्या बाजूला लिहावे.